मोठं इंजिन, काटकसरी कार्बोरेटर

नाही, मला सांगा, शाळेचे बूट आहेत का ते? वाढत्या पायाचे, पुढे बोळा कोंबून घालायचे? रिमोटवरच्या गाडीचं इंजिन घ्यायचंय, हातभर गाडी, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारी, आणि यतिन म्हणतो, "मोठंच घे गं मयूरा, पुढे उपयोगी पडेल." पुढे म्हणजे कधी? गाडी वाढणार आहे? तिला uni ला, कॉलेजात घालायचंय?

तुम्हाला सांगते, इथे परदेशात, वेरिबीच्या आमच्या रिमोट-गाड्यांच्या क्लबात हिवाळी स्पर्धेसाठी नव्या टीमला एकच जागा होती. चाचणी शर्यत पुरी करा, जागा तुमची. त्या जागेवर मी वर्षभर डोळा ठेवून होते. मेकॅनिकल शिकले आणि दिवसभर एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढते हो मी... मला एक खरंखुरं इंजिन हवं होतं, धूर सोडणारं, बस. पण गाडी चौघांची, यतिन, अस्मिता, प्रतापदादा आणि मी. सगळ्यांना समान मत, हा नियमही माझाच, कारण माझा लोकशाहीवर विश्वास. होता.

मी समजावलं. ट्रॅक छोटा, नुसती वळणं, तेव्हा मध्यम इंजिन घ्या आणि त्याच्याच मापाचा कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे इंजिनचं तोंड, किती हवा, किती इंधन आत घ्यायचं ते तिथे ठरतं, एकाचं तोंड दुसऱ्याला कसं लावणार? तर अस्मिता विचारते, "अ‍ॅव्हरेज किती देते?" टाकी चहाच्या कपाएवढी, आणि हिला अ‍ॅव्हरेज हवंय. तिने भलत्याच कंपनीचा बारीक तोंडाचा कार्बोरेटर शोधला. "हा कमी पितो बघ," जणू जावई पाहून आली.

मग प्रतापदादा बोलला. हा आमच्यात थोरला. मंडळाच्या गणपतीत मोदक की लाडू यावर भांडण पेटलं, तेव्हा याने लाडवाचं मिश्रण मोदकाच्या साच्यात दाबलं होतं. "इंजिन यतिनचं, कार्बोरेटर अस्मिताचा. कोणी नाराज नको."

"दादा, इंजिनला भीड पडत नाही."

"तू फार ताणतेस गं."

तीन विरुद्ध एक. आणलं. कार्बोरेटरची मान बारीक, इंजिनचं भोक मोठं, मध्ये ही फट. फटीतून हवा शिरली की काय होतं, मी फळ्यावर काढून दाखवलं. प्रतापदादाने तोवर कुकरची जुनी रिंग कापून त्या फटीत बसवली. "पुण्याची आहे, वाफ सोडत नाही." अहो, वाफ वेगळी, नायट्रो वेगळं. रबर फुगतं त्याने. पण इंजिनला भीड पडत नाही हे यांना कोण सांगणार?

शर्यतीत रिमोट माझ्या हातात, पहिल्या काही फेऱ्या झकास. यतिन माझ्याकडे असा बघतोय की बघ, म्हटलं नव्हतं? आणि रिंग फुगून निसटली. हवा जास्त, इंधन कमी, इंजिन तापलं, किंचाळायला लागलं, रिमोटचा ट्रिगर सोडला तरी वेग उतरेना. "ब्रेक लाव, ब्रेक लाव," अस्मिता ओरडतेय. लावला! इंजिन त्याच्यावर मात करून पळतंय. इंजिनला भीड पडत नाही हो... गाडी ट्रॅक सोडून सॉसेजच्या टेबलाखालून गेली, पंचांनी पाय उचलले, आणि क्लबचे अध्यक्ष ग्लेन यांनी धावत जाऊन एक्झॉस्टवर, धुराच्या नळीवर फडकं दाबलं तेव्हा ती गप्प झाली.

जागा गेली. दुसऱ्या टीमला. आणि प्रतापदादा म्हणतो, "चूक चौघांत वाटून घेऊ, म्हणजे कोणाला जड नाही."

ग्लेनने इंजिन हातात घेतलं, रबराचा लोंबता तुकडा ओढून काढला, वास घेतला. "Mate, हा कार्बोरेटर निवडला कोणी?"

बोलायचं होतं मला. सगळं ठरवून ठेवलं होतं, नावं, क्रमवार. बघते तर अस्मिताचे डोळे भरलेले, यतिन बुटाने माती उकरतोय, प्रतापदादा आकाशात विमान शोधतोय.

"मी," म्हटलं.

मग ग्लेनने मला कार्बोरेटर म्हणजे काय ते अगदी मायेने पहिल्यापासून समजावलं, आणि मी पूर्ण वेळ मान डोलावत होते, "ओह, राइट... अच्छा, हवा पण लागते का?" शनिवारच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलंय त्यांनी माझं. डबा अस्मिता देणार आहे.