लाभ अठ्ठेचाळीस

(देगलूरजवळचं गाव. संध्याकाळ. ओसरीवर तुरीची पाच पोती, पाटावर उघडा लॅपटॉप. सासरे हणमंतराव आणि सून शिल्पा.)

शिल्पा : "लाभ... दोन... तीन..." मामी रास मोजायच्या तो आवाज अजून कानात हाय, मामा. मी नवी नवरी, दाराआड उभी. मला वाटलं, ह्यांना एक म्हणता येत न्हाई का काय.

हणमंतराव : पहिल्या मापाला एक म्हणू नाई, पोरी. रास आटती. लाभ म्हणायचं.

शिल्पा : हाव, मग त्यांनीच शिकवलं. बरं, तुम्ही सांगितली ती वजनं सगळी भरली. आता खाली सम लावलं की बेरीज आपोआप... दोनशे दोन?

हणमंतराव : दोनशे दोन कशी? सकाळी शेजारच्या शिवप्पाच्या काट्यावर पाची पोती अडीच क्विंटल भरली की.

शिल्पा : थांबा, अ‍ॅव्हरेज बघते. पोत्यामागं साडेपन्नास किलो. हे तर ठीक दिसून राहिलं.

हणमंतराव : उद्या लातूरच्या दाळगिरणीच्या हापिसात अशीच परीक्षा देशील तर मालक दारातूनच राम राम करंल.

शिल्पा : मग तुमच्या मनासारखं होईल. लातूरला नोकरीला जाऊ का, आठ दिस झाले विचारून. ह्यांचा रोज लातूरहून फोन, मामा काय म्हणले? तुम्ही हो बी म्हणत न्हाई, नको बी. काल म्हणले म्हशीचं कोण बघंल. परवा म्हणले लातूरचं पाणी बाधतं.

हणमंतराव : बाधतंच. तुझ्या नवऱ्याला, दयानंदलाच इचार. तू आधी बेरीज बघ.

शिल्पा : काउंट लावते. किती आकडे हायत ते सांगतं... चार. पोती पाच, आकडे चार. एक गेलं कुठं?

हणमंतराव : म्हशीनं खाल्लं.

शिल्पा : हसवू नका. मामा, पहिलं पोतं तुम्ही काय म्हणून सांगितलं?

हणमंतराव : लाभ अठ्ठेचाळीस.

शिल्पा : अन् मी बी तसंच लिहून बसले की, एकाच खान्यात. अक्षर मिसळलं की हे त्याला आकडा धरतच न्हाई. बेरजेत न्हाई, मोजणीत न्हाई. सरासरी बी त्याला सोडूनच काढली.

हणमंतराव : मंग लाभ पुसतीस?

शिल्पा : पुसू कसं? मामींचा हाय तो. शेजारच्या खान्यात ठेवते, इकडं नुसतं अठ्ठेचाळीस. हे बघा. बेरीज अडीचशे. पोती पाच. सरासरी पन्नास.

हणमंतराव : पहिलं पोतं नव्हतं, तरी सरासरी ठीक दिसली म्हणतीस.

शिल्पा : हाव. एखादं कमी झालेलं तिच्यावरून कळत न्हाई. मोजावं लागतं.

हणमंतराव : ...माझं बी तसंच चाललंय. कुणी इचारलं की ठीक म्हणतो. तुझी मामी गेली तवा बी ठीकच म्हणलो.

शिल्पा : मामा.

हणमंतराव : पाण्याचं उगंच बोललो. म्हैस शिवप्पा बघंल, परवाच सांगून आलोय त्याला. सकाळच्या एसटीनं जा तू.

शिल्पा : परवाच? मग बोलले का न्हाई?

हणमंतराव : तू गेल्यावर मला करमायचं न्हाई, पोरी. तेवढं बोलायचं राहिलं होतं.