ताटावरची टोपी

आमचं गाव उरणकडचं, वडील मिठागरावर, आई भाताच्या शेतात, नि काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा अख्खी आळी ओटीवर जमायची, तेव्हाच मी ठरवलं की आपण ह्या डब्याच्या आत जायचं. गेले. चॅनलमध्ये एवढी मोठी झाले की मालिकेत काय घडायचं ते माझ्या होकाराशिवाय घडायचं न्हाय.

तुम्ही विचारलंत करमणूक म्हणजे काय, तर माझं मत असं, दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या घरात जेवता जेवता बघायचं, बस्. पण ते भांडण खरं वाटायला पाहिजे, म्हणून मी रोज आईला फोन करायची, आई, सासू रागावली तर काय बोलेल गं, ती बोलायची नि मी लिहून घ्यायची. आमच्या मालिकेतली सासू म्हणजे अर्धी आमची आईच. लग्न राहून गेलं, जाऊ दे, काम होतं नि ते मी जीव लावून केलं.

निलेश चॅनलमध्ये माझ्या हाताखाली आलेला पोरगा, त्याला काम मीच शिकवलं. गावी आणला, आईच्या हातचं कालवण खाल्लं त्याने, भाऊबीजेला मी ओवाळलं त्याला, नि त्याच निलेशने वरच्या साहेबांना सांगितलं की ताई आता जुन्या झाल्या. माझ्या खुर्चीत तो बसला, मी गावी आले.

आई साडेसातला तीच मालिका लावते. मी बोलले नको लावू, तर बोलते, सुनेचं काय होतं ते बघायला नको? बरं. एकदा काय झालं, मालिकेतला मुलगा रुसून जातो नि सासू त्याचं ताट झाकून वर त्याची टोपी ठेवते. माझा घास हातातच राहिला. वडील रागावून निघून गेले की आई अस्संच करायची, वर टोपी दिसली की आम्ही पोरं त्या ताटाला हात लावायचो न्हाय. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलंच नव्हतं. मग सांगितलं कुणी?

आई बोलली, मीच. निलेश फोन करतो ना मला.

मी ओरडले, आई, त्याने माझी खुर्ची घेतली नि तू त्याला बाबांची टोपी दिलीस? तर बोलली, तो आधी गुडघा कसा हाय इचारतो, जेवलीस का इचारतो, मंग कामाचं. तू तर सासूचंच इचारायचीस.

खरंच होतं ते. पण राग गेला न्हाय, अजून न्हाय. चॅनलमधला दगा मी पचवला असता, तिथे तो रोजचाच, पण हा माझ्या घरातून झाला. तशीच उठले, चष्मासुद्धा न घेता खाडीच्या बांधावर जाऊन बसले, लांबून कंटेनरच्या गाड्यांचा आवाज ऐकत. परत आले तर माझं ताट झाकलेलं, नि वर माझा चष्मा.

रडत रडत जेवले. आईला एवढंच बोलले, हे तरी त्याला सांगू नकोस. आईने नुसता आणखी भात वाढला.

आता साडेसातला मी पण बसते तिच्या बाजूला. बघते, माझा चष्मा येतो का.