नवसाच्या कोंबड्याचं सूप

तो कोंबडा मांजराने नेला नाय, मुंगसाने नेला नाय, आणि सुनंदाच्या हातून खुराडंही उघडं राहिलं नव्हतं. तो मी कापला. त्याचं सूप केलं आणि माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला माझ्या हाताने पाजलं. आठ वर्षं हे मी कोणाला बोललो नाय, म्हणून पहिलं हेच लिहून घ्या, नायतर बोलता बोलता मी दुसरीकडे जाईन, मला तशी खोड हाय.

आमी कामोठ्याचे, जुन्या गावातले. आमच्या लहानपणी चारी बाजूला भातशेती आणि खाडी, पुढे सेक्टर आले, इमारती आल्या, आणि मी रिक्षा घेतली. कामोठे ते पनवेल, पनवेल ते कामोठे, बावीस वर्षं झाली. घर एकच, मधे भिंत. भिंतीच्या अलीकडे मी आणि माझी बायको सुनंदा, पलीकडे दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी मंदा. अंगण एक आणि खुराडंही एकच, पण कोंबड्या दादाच्या. दादाला कोंबड्यांचं फार वेड. बाप गेल्यावर घरात कुठली कोंबडी कापायची आणि कुठली ठेवायची, हेसुद्धा दादाच ठरवायचा.

आता तुमी विचाराल, भावाचा एवढा राग कशाला. सांगतो. लग्नाला दोन वर्षं झालेली, सुनंदाला सातवा महिना होता आणि मूल पोटातच गेलं. पनवेलच्या दवाखान्यातून तिला घरी आणली तवा तिच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. रडायची पण नाय, नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली. आमची आई सांगायची, बाई रिकामी झाली की तिला गावठी कोंबडीचं पाणी द्यावं, तेल नाय, मसाला नाय, फक्त हळद, मीठ, आलं, मिरी. सूप हा शब्द आमच्याकडे नंतर आला. मी दादाला बोललो, दादा, एक कोंबडी दे. दादा अंगणात दाणे टाकत होता, माझ्याकडे बघितलं पण नाय. बोलला, बाळ्या, उद्या माझ्याकडे बिल्डरची माणसं जेवायला यायचीत, कोंबड्या मोजून ठेवल्यात, तुला पाहिजे तर पनवेलवरून ब्रॉयलर आण. आणि पुढे काय बोलला ठाऊक हाय, असं काय बाळंतपण झालंय तिचं.

काय सांगू तुमाला. कोंबडी बाजारात मिळत नव्हती असं नाय. मी आणली ब्रॉयलर, केलं सूप, तिने दोन चमचे घेतले आणि ओकून टाकलं. पण दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे तीन कोंबड्या शिजल्या, वाटणाचा वास आमच्या खोलीत भरला, पाहुणे हसत होते, वहिनी भाकऱ्या थापत होती, आणि सुनंदा त्या वासात डोळे उघडे ठेवून पडून होती. वाटीभर रस्सा पण भिंतीच्या अलीकडे आला नाय. त्या दिवशी मी मनात बोललो, दादा, हे मी तुझ्याकडून घेईन. कधी, कसं, ठाऊक नव्हतं, पण घेईन.

आणि मी विसरलो नाय. लोक बोलतात राग निवतो. माझा नाय निवला, मी निवू दिला नाय. दादाच्या घरी कोंबडी असली की मी सांगायचो, आज माझा सोमवार हाय. मंगळवारी पण सोमवार सांगायचो. दादा हसायचा, बाळ्या, तुझ्या आठवड्यात सोमवार किती रे. मी पण हसायचो आणि आत दात खायचो. सुनंदा तो विषय कधी काढायची नाय. आमाला पुढे मूल झालं नाय. तिने सगळी माया मंदावर केली, तिची वेणी, तिचा अभ्यास, तिच्या हळदीत रात्रभर नाचली पण तीच.

मंदाला मोऱ्याला दिली, उरणजवळ. जावई होडीवर. चार वर्षं मूल राहिलं नाय, तवा दादाने गावदेवीला कोंबडा बोलला, पोरीची कूस उजवली की तुला कोंबडा देईन. एक लाल, उंच तुऱ्याचा कोंबडा निवडला आणि त्याच्या पायात लाल दोरा सुनंदाने बांधला, दादाच बोलला, सुनंदा, मंदाला तू वाढवलीस, तूच बांध. असा देवीला सोडलेला कोंबडा आमच्यात विकत नाय, त्याला कोणी दगड मारत नाय, आणि देवीला दिल्याशिवाय त्याचा घास घरात कोणी घेत नाय. हे आमच्या शेंबड्या पोराला पण ठाऊक.

मंदाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, पण डॉक्टरने तिला बेडवरून हलू नको सांगितलेलं, म्हणून आठव्या महिन्यात वहिनीच मोऱ्याला गेली. आणि इकडे दादाला टायफॉइड झाला. बारा दिवस ताप. गालाची हाडं वर आली. भाकरी, पेज, औषध सगळं सुनंदा करायची, खुराडंही तीच उघडायची आणि लावायची. ताप उतरला तवा डॉक्टर बोलला, आता सूप द्या. सुनंदा औषध आणायला पनवेलला गेलेली. दादाने मला हाक मारली, बाळ्या, आईसारखं कोंबडीचं पाणी करून दे रे, एखादी चांगली बघून कापशील.

एखादी चांगली बघून. मी खुराड्याकडे गेलो. अकरा कोंबड्या होत्या. आणि तो होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात एकदम थंड झालं, रागाने नाय, थंड. मला वाटलं, हेच ते. दादाने मोजून ठेवलेलं हेच.

मागच्या बाजूला शेवग्याखाली कापला. दोरा चुलीत टाकला, पिसं पुरली, वरून राख टाकली. कोंबडा जून होता, त्याला वेळ लागणार, मला घाई नव्हती. मोठे तुकडे केले, हाडं थोडी ठेचली म्हणजे त्यातलं उतरतं. पाण्यात हळद, मीठ, एक अख्खा कांदा, ठेचलेलं आलं-लसूण. पहिल्या उकळीला काळपट फेस येतो तो चमच्याने काढत राहायचा, तो राहिला तर वास येतो. कुकर नाय लावला, शिट्टीने मांस मऊ होतं पण पाण्याला चव येत नाय. मंद आच, दोन तास, आणि पाणी आटलं तर वरून गरमच घालायचं, गार घातलं की मांस आणखी चिवट होतं. मिरी शेवटी, कुटून. मी सांगतो तुमाला, आयुष्यात मी इतक्या मन लावून काय रांधलं नाय. लिंबू पण पिळलं.

माझा बेत असा होता की शेवटचा घोट पोटात गेला की सांगायचं, दादा, देवीचा कोंबडा खाल्लास. तोवर त्याला सांगितलेलं, तुझ्या कोंबड्यांना हात नाय लावला, पनवेलवरून गावठी आणली. मी चमच्याने पाजत होतो. दादाच्या कपाळाला घाम आला. बोलला, बाळ्या, आईची चव हाय. मी पुढचा चमचा भरला. मग तो बोलला, आपल्या घरात आजारी माणसाला खाण्यापिण्याला कोणी कधी नाय बोललं नाय, हे आईचं पुण्य.

त्याला आठवतच नव्हतं. तुमी विचार करा. इतकी वर्षं मी जे पोटात धरून बसलेलो, ते त्याच्या लेखी घडलंच नव्हतं. मी सांगितलं नाय. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर रडून मोकळा होईल. याला शोधू दे. याला रोज त्या खुराड्यात बघू दे.

आणि सुनंदा आली तवा मी तिला पण वाटीभर दिलं. बोललो, पनवेलवरून गावठी आणली. आज तरी पी. तिने पिलं. बोलली, छान झालंय. मला वाटलं, फिटलं.

सुनंदा खुराडं पहाटे अंधारात उघडायची आणि दिवस बुडाल्यावर लावायची, कोंबड्या मोजायचा तो दादाच, म्हणून तिच्या ध्यानात आलं नव्हतं. चार दिवसांनी दादा काठी धरून अंगणात आला, खुराड्यात बघितलं आणि ओरडला, लाल कुठे हाय. सगळी आळी जमली. दादा सुनंदाला बोलला, तुझ्यावर सोपवलं होतं, दार नाय लावलंस, मुंगसाने नेला, माझ्या पोरीचं काय झालं तर मी तुला सोडणार नाय. ती पांढरी पडली. बोलली, दादा, मी लावलं होतं. मग खुराड्याच्या कडीकडे बघून बोलली, राहिलं असेल माझ्याच हातून. मी तिथेच रिक्षा पुसत होतो. माझ्या हातात फडकं होतं. मी पुसतच राहिलो.

त्याच आठवड्यात मंदाला कळा आल्या, ऑपरेशन करावं लागलं, मुलगा झाला पण श्वास नीट घेईना, त्याला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवला. वहिनी फोन करून सुनंदाला जे बोलायचं ते बोलली. सुनंदा ते दोन दिवस गावदेवीच्या पायरीवर डोकं ठेवून बसली. आई, माझ्या हातून झालं, माझं काय ते घे, पोराला सोड. आणि बोलली, आजपासून कोंबडी तोंडाला लावणार नाय. मी मागे उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर. नाय बोललो. मला तवा देवीची भीती नव्हती वाटली, दादाची वाटली.

पोर वाचलं. आठ वर्षांचा हाय, दांडगा हाय. दादाने दुसरा कोंबडा दिला देवीला. पण सुनंदाचं नाव पडलं ते पडलं. प्रत्येक हळदीला, प्रत्येक साखरपुड्याला वहिनी बोलणार, खुराडं लावलं का गं, का सुनंदाला सांगितलंय. बाया हसायच्या. सुनंदा पण हसायची. आणि पानात कोंबडी आली की ती बाजूला सरकवायची, भात आणि वरण. आठ वर्षं मी तिच्या समोर बसून जेवलो.

गेल्या पावसाळ्यानंतर तिला डेंगू झाला. डॉक्टर बोलला, सूप द्या. मी केलं, तसंच, दोन तास. ती बोलली, तुमाला ठाऊक हाय ना मी घेत नाय. मी वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं. ती ऐकत होती. मग बोलली, त्या दिवशी मला पण दिलं होतंत ना वाटीभर. मी हो बोललो. ती बोलली, माझ्या नावाने केलंत, मी कधी मागितलं होतं का. ती बोलली, खोलीत सांगून काय उपयोग नाय. मला जिथे बोलले तिथे सांगा.

रविवारी मंदा पोराला घेऊन काकीला बघायला आली. दादा, वहिनी सगळे अंगणात. सुनंदा खाटेवर. मी उभा राहून बोललो, कोंबडा मी कापला आणि दादाला पाजला. दादा बोलला, का रे. मी त्या कोंबडीचं सांगितलं, बिल्डरच्या जेवणाचं सांगितलं. दादा बोलला, मी असं बोललो होतो? मला नाय आठवत. वहिनीने मान खाली घातली, तिला आठवत होतं. दादा वाट बघत राहिला, आता बाळ्या माझे पाय धरेल म्हणून. मी नाय धरले. तुमाला खरं सांगतो, ते माझ्याच्याने अजून होत नाय, देवी बघेल काय ते.

मी खाटेजवळ गेलो, खाली बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, सुनंदा, खुराडं तू लावलं होतंस. मी उघडलं. माझं चुकलं. मला माफ कर.