डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट

हॅलो?… कोण, धाकटी का?… बोल गं. थांब, शिलाई मशीन बंद करते… हं, आता बोल.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं ना?… हो, हो… अगं ऐक ना… दोन घेतली, मग सोडली… कशाला घेऊ? रक्त वाढलं की! कालच रिपोर्ट आला. जिना चढताना धाप लागत नाही, गालांवर लाली आलीये. शेजारीण विचारते, कुठलं क्रीम लावता?

कशानं म्हणजे? गोळ्यांनी. सूनबाईच्या… बाळंतपणातल्या उरल्या होत्या ना, फॉलिक ॲसिडच्या… अगं, ते पण व्हिटॅमिन, हे पण व्हिटॅमिन. एक गपचूप पोटात जातं, दुसरं टोचून घ्यायचं!… ओरडू नकोस. नर्सबाई तू दवाखान्यात, इथे माझी धाकटी बहीण… हो, दिवसभर सुयांशीच खेळते मी. पण त्या मी टोचते, मला कुणी टोचत नाही.

काय?… रक्त सुधारतं, पण बी-ट्वेल्व्ह कमीच राहतं?… आणि नसा आतल्या आत खराब होत राहतात? रिपोर्ट चांगला दिसत असताना?… काहीतरीच!

मुंग्या?… येतात थोड्या. बसून बसून येणारच… बोटं जरा बधिर… जरा म्हणजे जराच! काही अडत नाही. आत्तासुद्धा तुझ्याशी बोलता बोलता कॉलरला टाचण्या लावतेय. आपल्या डॉक्टरीणबाईंचाच कोट शिवतेय, पांढराशुभ्र…

अगं बाई!… थांब… कोटावर लाल कसलं?… रक्त आहे गं. माझंच. टाचणी बोटात रुतलीये, चांगली अर्धी… नाही… नाही गं, दुखत नाहीये. मला कळलंच नाही…

घाबरले गं मी. बोटंच गेली तर मी करू काय?… लवकर सुरू केलं तर सुधारतं? नक्की?… थापा नाही ना मारत?… बरं. डॉक्टरीणबाई सांगतील तितकी घेईन. मनानं सोडणार नाही. आणि दुसऱ्याच्या गोळ्यांना हात लावणार नाही. शप्पथ.

हो, उठले… चप्पल घातली. कोट घेऊनच जाते, डाग बघितला की वेगळं सांगायला नको… तू येतेस?… ये, हात धरायला ये. हसतेस काय!… आणि हे बघ, दुखलं तर मी ओरडणार हं, सगळ्या दवाखान्यासमोर… काय म्हणालीस?

…हो गं. दुखू दे. चांगलं दुखू दे. ठेवते.