सुमनताईंची शेवंती

परवा आमच्या अंबरनाथच्या लॅबमध्ये जे झालं ना, ते डोक्यातून जातच नाहीये. बदलापूरच्या सुमनताई आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने नर्सरीत शेवंतीचं स्वतःचं वाण तयार केलं होतं, गडद किरमिजी. त्यात व्हायरॉइड शिरला. विषाणूपेक्षाही बारीक आणि त्यावर औषध नाही. झाडं खुरटली, आमच्याच सांगण्यावरून त्यांनी सगळी उपटून जाळली. रोगाच्या अभ्यासासाठी थोडे कोंब आम्ही बाटल्यांत वाढवत ठेवले. पुढे नवराही गेला.

"एक रोप द्या ना मॅडम, दारातल्या कुंडीत लावते."

"नाही देता येत, ताई. कात्रीला, हाताला लागून रोग आजूबाजूच्या बागांत जाईल."

"मग रोग काढून द्या."

"खूपदा करून पाहिलं. शेंड्याच्या टोकाला रोग कमी असतो, म्हणून तेवढेच बारीक तुकडे काढून वाढवले. जे जगले, त्यांच्यात रोग होताच."

त्यांनी एक बाटली उजेडात धरली. आत बोटाएवढी हिरवीगार रोपं.

"मग यांचं पुढे काय?"

मला खोटं बोलवेना. "प्रोजेक्ट संपलाय, ताई. आता सगळ्या बाटल्या वाफेच्या मशीनमध्ये घालून रोपं मारायची."

वाटलं, रडतील. त्यांनी बाटली हळूच फळीवर ठेवली.

"त्या दिवशी मला फोन करा. ह्यांच्या वेळी मी आयसीयूच्या दारात पोचले, तोवर सगळं झालं होतं."

काल केला फोन. मशीन थंड होईपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या.