दोन पांढरे पट्टे

धाकटी : ...एवढंच लिहिलंय, दादा. "घरांच्या वरची झाडं राखायची ठरली होती, तरी कंपनीच्या माणसांनी तोडली." खाली सही कर. उद्या चौकशीवाले येतायत.

दादा : चष्मा नाही गं आणला.

धाकटी : नाकावर आहे.

दादा : हो की. काय उकडतंय या शाळेतल्या छावणीत! पूर्वी भर दुपारी पांघरूण लागायचं इथं.

धाकटी : पूर्वी वर जंगल होतं. आता ओढासुद्धा चिखलच वाहतो. विषय बदलू नकोस. कंपनीत झाडांवर खुणा करायचं काम तुझं. लाल पट्टा तोडायच्या झाडाला, पांढरा राखायच्या. बरोबर ना?

दादा : जुना साहेब होता तोवर.

धाकटी : म्हणजे?

दादा : नव्या साहेबाने उलटं केलं. पांढरं ते तोडायचं. कचेरीच्या दारावर कागद लावला होता म्हणे.

धाकटी : म्हणे?

दादा : मी वाचलाच नाही. इतकी वर्षं तेच काम, त्यात वाचायचं काय? अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

धाकटी : आमच्या घरावरच्या उताराला खुणा कुणी केल्या?

दादा : मीच.

धाकटी : पांढऱ्या?

दादा : पांढऱ्या. दोन दोन पट्टे.

धाकटी : आणि मी त्या करवतवाल्यांना दोन महिने शिव्याशाप देतेय! दरड आली, घर गेलं, घरासोबत हे गेले... तू माझ्याबरोबर रडलास, दादा. तेव्हा ठाऊक होतं तुला?

दादा : होतं. जीभच रेटली नाही.

धाकटी : एक पट्टा पुरला असता. दोन कशाला?

दादा : खाली तुझं घर होतं. म्हटलं, चुकूनही कुणाची करवत लागायला नको. त्यांना वाटलं, दोन म्हणजे घाईचं काम. तीच आधी पाडली.



धाकटी : दे तो कागद.

दादा : फाडतेस?

धाकटी : नवा लिहिते. जंगल कुणी तोडायला काढलं, दारावरचा कागद कुणी लावला, तोंडाने का सांगितलं नाही, सगळं.

दादा : आणि खुणा कुणी केल्या, तेही. माझं नाव लिही.

धाकटी : लिहिते. पण दुसरा पट्टा का मारलास, ते नाही लिहिणार. ते माझ्याजवळ राहू दे.