हा पत्ता चालणार नाही

जबाब, दिनांक १८, गुरुवार, दुपारी ३ वाजून १० मिनिटे.

नाव : ओळखपत्राच्या प्रतीवर आहे तेच. बाजारात मला झेरॉक्सताई म्हणतात. वय : ५३ वर्षे. धंदा : झेरॉक्स, टायपिंग व ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान, गेली एकोणीस वर्षे. राहणार : दुकानाच्या वरच्या खोलीत. ई-मेल : सांगितला. पोलीस ठाण्याच्या संगणकाने 'हा पत्ता चालणार नाही' असे दाखवून तो घेतला नाही, आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसल्याने हा जबाब हवालदारांनी हाताने लिहून घेतला आहे.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे दुकान बसथांब्यासमोर, औषधाच्या दुकानाला लागून आहे. दुकानात झेरॉक्सचे एक मोठे मशीन, एक प्रिंटर व एक संगणक आहे. संगणकाला दोन पडदे जोडलेले आहेत, एक माझ्याकडे तोंड करून आणि दुसरा गिऱ्हाइकाकडे. मी टाइप करीन ते गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दिसावे व नावात चूक असेल तर त्याने लगेच सांगावे, म्हणून ही सोय मी हौसेने करून घेतली. माझ्या हातून गेलेल्या फॉर्मात नावाची चूक निघत नाही, हे बाजारात कोणालाही विचारावे. दुकानाचा एक ई-मेल आहे. लोक आपले कागद फोनवरून त्या मेलवर पाठवतात आणि मी ते छापून देते. त्यामुळे शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत तो मेल दोन्ही पडद्यांवर उघडा असतो. हे सगळे नको, मुद्द्याचे बोला, असे हवालदार म्हणाले. हाच मुद्दा आहे, असे मी म्हटले.

दिनांक ९, मंगळवार रोजी सकाळी ११ च्या सुमारास एक बाई दुकानात आली. वय तिशीच्या आत. तिला मी आधी कधी पाहिले नव्हते. तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि चष्म्याच्या दुकानात चार वर्षे काचा घासण्याचे काम केल्याचे पत्र होते. कागदांवर सगळीकडे लग्नाआधीचे आडनाव होते. फोन नव्हता. मी विचारले तर म्हणाली, "फोन घरी ठेवलाय. मी घरीच आहे असं दिसायला हवं."

तिला दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेचा फॉर्म भरायचा होता. चष्म्याच्या काचा तयार करण्याचे सहा महिन्यांचे शिक्षण, राहायला वसतिगृहात स्वतंत्र खोली आणि पुढे तिथेच काम. जागा बारा. फॉर्मचा तो शेवटचा दिवस होता. निम्मा फॉर्म झाल्यावर तिने विचारले, "ताई, खोलीला आतून कडी असते का, ते लिहिलंय का कुठे?" मी सगळे पान खालीवर करून पाहिले. तसे काही लिहिलेले नव्हते. "असेल गं, कडी नसलेली खोली कोण बांधतं," असे मी म्हटले. ती हसली नाही.

तिच्या डाव्या कानाची पाळी खालून फाटलेली होती व टाके ताजे होते. हे काय झाले, असे मी विचारले. "कानातलं अडकलं होतं," असे ती म्हणाली. कशात अडकले ते मी विचारले नाही.

ई-मेलच्या रकान्याशी आलो तेव्हा तिने एक चिठ्ठी काढली. ज्या सेवेवर तिने मेल काढला होता, तिथे आपली पत्रे कोणी चाळत नाही आणि मेल काढताना मोबाईल नंबर मागत नाहीत, असे तिने मला समजावून सांगितले. अकरा दिवसांपूर्वी वाचनालयाच्या संगणकावर बसून तिने तो काढला होता. जुना मेल नाही का, असे विचारता म्हणाली, "आहे ना. पण तो त्यांच्या फोनमध्ये उघडा असतो. माझ्या आधी तेच वाचतात." 'ते' म्हणजे तिचा नवरा.

मी तो पत्ता टाइप केला. लाल अक्षरांत आले : हा पत्ता चालणार नाही, कृपया नेहमीच्या सेवेचा ई-मेल द्या. माझ्याच बोटांची चूक असेल म्हणून मी तिला एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावून दुसऱ्यांदा टाकला. मग तिसऱ्यांदा टाकला. मग संस्थेच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा इसम म्हणाला की खोटे लोक असले पत्ते वापरतात, म्हणून ते बंद ठेवले आहेत. मी म्हटले, "अहो, खरी बाई माझ्यासमोर स्टुलावर बसलीय. मूळ ओळखपत्र हातात आहे तिच्या. अजून किती खरी पाहिजे तुम्हाला?" तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिमच घेत नाही, त्याला मी काय करू?" मी त्याला दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तिथल्या तिथे नेहमीच्या सेवेचा नवा मेल का काढला नाही, असे विचारल्यावरून सांगते की, ती सेवा मोबाईलवर कोड पाठवते आणि तिचा मोबाईल घरी होता. माझा नंबर टाकून पाहिला. पण माझ्या नंबरावर आजवर गिऱ्हाइकांचे इतके मेल काढून झाले आहेत की तो आता घेतला जात नाही. घड्याळात पावणेबारा झाले होते. बाराच्या आत घरी पोचायचे आहे असे ती दोनदा म्हणाली होती. माझी एकोणीस वर्षांची सवय अशी आहे की गिऱ्हाइकाचा फॉर्म अर्धा ठेवून उठायचे नाही. मी म्हटले, "त्यात काय एवढं? दुकानाचा मेल टाकते. उत्तर आलं की तुझ्या नव्या मेलवर पाठवते, झालं." शेकडो लोकांचे फॉर्म मी असेच भरले आहेत.

तिने विचारले, "तो मेल कोण कोण बघतं?"

मी म्हटले, "मीच. अजून कोण बघणार?"

हे वाक्य माझे आहे. हवालदारांनी त्याऐवजी 'साक्षीदाराने तिला आश्वस्त केले' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी जे बोलले तेच लिहावे. मी खोटे बोलत आहे असे त्या वेळी मला वाटले नव्हते. तिच्या समोरच्या पडद्यावर फॉर्मशेजारी तेव्हा दुसऱ्याच एका माणसाचा वैद्यकीय दाखला उघडा होता आणि तो आम्ही दोघींनी पाहिला होता. फॉर्म गेला. चिठ्ठी तिने परत घेतली.

दिनांक १२, शुक्रवार रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी एक गृहस्थ आले. वय पस्तिशीचे, कपडे इस्त्रीचे, बोलणे अतिशय नम्र. दर वाक्याला ताई म्हणत होते. बायको बुधवारपासून हरवली आहे, पत्रके छापायची आहेत, असे त्यांनी सांगितले. त्यांना मी आत बोलावून बसवले, पाणी दिले. मला त्यांची कीव आली. त्या किवेची मला आता लाज वाटते. फोटो व मजकूर त्यांनी फोनवरून दुकानाच्या मेलवर पाठवला आणि मी तो उघडला. फोटो लग्नातला होता, चेहऱ्यावर रंगरंगोटी, केस फुगवलेले, कान झाकलेले. नाव तेच होते, परंतु त्या नावाच्या आमच्या गल्लीतच तिघी आहेत, आणि आडनाव वेगळे होते.

मजकूर मी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून तपासला. 'हरवली आहे. घरातून न सांगता गेली. मनस्थिती ठीक नाही. ओळखीची खूण : डाव्या कानाची पाळी फाटलेली.' त्यात 'मनस्थिती'ला विसर्ग नव्हता. तो मी घालून दिला. कानाचे वाक्य मी माझ्या तोंडाने वाचले, त्यात चूक नाही अशी खात्री करून घेतली आणि पुढे गेले. तीन दिवसांपूर्वी तोच कान हातभर अंतरावर पाहिलेला होता. एकोणीस वर्षे दुसऱ्यांची अक्षरे तपासून माझे असे झाले आहे, याशिवाय दुसरे कारण मला देता येत नाही.

शंभर प्रती हव्या होत्या. चौतिसावी प्रत निघाली आणि कागद अडकला. मी त्यांच्याकडे पाठ करून मशीनचे दार उघडले व अडकलेला कागद ओढून काढला. यात चार-पाच मिनिटे गेली. वळून पाहते तर ते गृहस्थ पडद्याशी वाकून उभे होते आणि हात माझ्या माऊसवर होता. म्हणाले, "राहू द्या ताई बाकीच्या. आता गरज नाही." फार गोड हसले. छापलेल्या प्रतीही त्यांनी नेल्या नाहीत.

पडद्यावर संस्थेचा मेल उघडलेला होता. तो मी उघडला नव्हता. 'अभिनंदन, आपला प्रवेश निश्चित झाला आहे', खाली तिचे नाव, वसतिगृहाचा पत्ता, खोलीचा क्रमांक आणि सोमवारी सकाळी ९ वाजता हजर राहण्याची सूचना. मी ते नाव वाचले, मग हातातले पत्रक वाचले, मग पुन्हा नाव. मी त्याच स्टुलावर बसले.

संस्थेला फोन केला तर काय बदलायचे ते नोंदवलेल्या मेलवरूनच लिहा म्हणाले, पण तिला विचारल्याशिवाय मी काय लिहिणार? तिच्याशी बोलायला माझ्याकडे फोन नंबर नव्हता. होता तो फक्त तिचा नवा मेल, आणि त्याची चिठ्ठी ती घेऊन गेली होती. पण तीनदा टाइप करून तीनदा नाकारला गेल्यामुळे तो माझ्या बोटांत पक्का बसला होता. मी लिहिले : "तुझा नवरा दुकानात आला होता. त्याने मेल वाचला. तो मेल फक्त मीच बघते हे मी चुकीचं सांगितलं. तिकडे जाऊ नकोस." शुक्रवारचा सबंध दिवस उत्तर आले नाही. मी जेवले नाही, हे जबाबात येत नाही म्हणतात, तरी सांगते.

शनिवार दिनांक १३ रोजी दुपारी ४ वाजता उत्तर आले. ते माझ्याकडे जपून ठेवले आहे, व मजकूर असा : "वाचलं. जागा रद्द करा, दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. ती तुमच्याच मेलवरून रद्द होईल. आता कुठे जाणार ते सांगणार नाही. तुम्हालाही नाही." मी ४ वाजून १० मिनिटांनी रद्दचे बटण दाबले. 'आपली खात्री आहे का?' असे त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मला 'हो' करावे लागले. तिने कुठे जाते ते मला सांगितले नाही, हे तिने बरोबर केले.

मंगळवार दिनांक १६ रोजी सदर गृहस्थ दुकानात आले. सोमवारी ते संस्थेच्या फाटकाशी सकाळी सातपासून उभे होते, असे त्यांनीच सांगितले. या वेळी ते ताई म्हणाले नाहीत. मी त्यांच्या बायकोला फूस लावून लपवून ठेवले, अशी तक्रार त्यांनी काल या ठाण्यात दिली आहे, ती मला वाचून दाखवण्यात आली. ती खोटी आहे. मी तिला लपवलेले नाही. मला तेवढेही जमले नाही.

त्यानंतर मी दुकानाचा जुना मेल बंद केला, गिऱ्हाइकाकडचा पडदा भिंतीकडे फिरवला आणि तिच्याच सेवेवर स्वतःसाठी एक मेल काढला. तो ठाण्याच्या संगणकाला चालला नाही, हे वर आलेच आहे. पडदा फिरवल्याने काल एका गिऱ्हाइकाच्या आडनावात चूक गेली. एकोणीस वर्षांतली पहिली. गिऱ्हाईक रागावले. रागावू दे.

तिचा ई-मेल सांगा, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, तो मला पाठ आहे. साहेब म्हणाले, "आम्ही तिच्या भल्यासाठीच विचारतोय." मी विचारले की या जबाबाची प्रत कोणाकोणाला मिळते. तक्रारदाराने मागितली तर त्याला मिळते, असे साहेबांनी सांगितले. तक्रारदार आत्ता दाराबाहेरच्या बाकावर बसलेले आहेत आणि दार नीट लागत नाही. म्हणून तो पत्ता मी सांगत नाही. ठाण्याचा नंबर मी तिला कळवते. ती सज्ञान आहे, तिला यायचे असेल तर येईल, बोलायचे असेल तर बोलेल. मला अडकवायचे असेल तर खुशाल अडकवा. एकदा मी तिला 'मीच बघते' म्हणून सांगितले होते, ते निदान आता तरी खरे करू द्या. तिचा पत्ता :

वरील जबाब हवालदारांनी माझ्या विनंतीवरून हळू आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे व बरोबर आहे. शुद्धलेखनाच्या सात चुका मी स्वतः दुरुस्त केल्या. शेवटच्या पानावरील एक ओळ कोरी आहे, ती नजरचुकीने राहिलेली नाही. तिच्यावर मागाहून कोणी काही लिहू नये, म्हणून मी त्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आहे आणि रेघेच्या दोन्ही टोकांना सही केली आहे.